कुत्र्याआधी तिसऱ्या हप्त्याचा विचार करा

डिचोलीहून एका 64 वर्षांच्या निवृत्त विधुर गृहस्थांनी विचारले आहे की, 25 हजारांचे लॅब्राडोरचे पिल्लू घ्यावे का? कुत्रा पाळल्याने रक्तदाब उतरतो असे मुलगी सांगते, आणि गोळ्या सुटल्या तर महिन्याला हजार रुपये वाचतील असा त्यांचा हिशेब आहे. पत्राच्या शेवटी ते सहज लिहितात: ‘बँकेतल्या ओळखीच्या मुलाने वर्षाला चार लाखांची ठेव करून दिली आहे. दोन हप्ते भरले, तिसरा ऑगस्टमध्ये आहे.’

ही ठेव नव्हे. पत्रासोबतच्या कागदावर ‘युलिप’ आणि ‘मुदत 10 वर्षे’ असे छापलेले आहे, म्हणजे हा बाजाराशी जोडलेला आयुर्विमा आहे. आपल्यावर कोणी अवलंबून नसताना आपल्याला आयुर्विमा विकावा, याचा मला मनापासून संताप येतो. निवृत्तीच्या 20 लाखांपैकी आपल्याकडे 12 लाख उरले आहेत. आणखी तीन हप्ते भरले की हाताशी काहीच राहणार नाही, आणि त्यानंतरही पाच हप्ते शिल्लक असतील.

तिसरा हप्ता भरू नका, आणि पॉलिसी पुन्हा चालू करायची नाही असे कंपनीला लेखी कळवून पोच घ्या. तिसऱ्या वर्षी पॉलिसी बंद केल्याचा आकार चार हजारांच्या वर जात नाही. जमा रक्कम वेगळ्या निधीत जाते, तिथे किमान 4 टक्के व्याज मिळते, आणि पैसे न काढण्याची पाच वर्षांची अट संपल्यावर ती आपल्या हाती येते. उरलेल्या 12 लाखांपैकी 10 लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवावेत, सध्याच्या 8.2 टक्के दराने दर तिमाहीला साडेवीस हजार, म्हणजे महिन्याला 6,800 मिळतील. पेन्शन आणि भाडे मिळून 14 हजार व खर्च 18 हजार, म्हणजे चार हजारांची तूट भरून 2,800 उरतात. दोन लाख आजारपणासाठी बाजूला असू द्यावेत आणि गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचे कार्ड चालू आहे ना, हे आजच पाहावे.

आता कुत्र्याविषयी. कुत्रा पाळणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका कमी असू शकतो, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2013 मध्ये नोंदवले, मात्र केवळ त्या हेतूने प्राणी आणू नये असेही त्याच निवेदनात बजावले आहे. लाभ होतो तो मुख्यतः रोजच्या चालण्याचा आणि सोबतीचा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका. ते हजार रुपये हिशेबातून आजच काढून टाका.

आपणच लिहिले आहे की संध्याकाळी एक तांबडी गावठी कुत्री पायरीवर येते, आपण तिला नुस्त्याचे, म्हणजे मासळीचे, डोके घातलेला भात देता आणि ती जेवून झाल्यावरही अंधार पडेपर्यंत तिथेच बसते. तिला रेबीजची लस द्या, नसबंदी करून घ्या, पावसाळ्यात गोचिडांकडे लक्ष ठेवा आणि सकाळी तिच्याबरोबर अर्धा तास चाला. हा खर्च त्या 2,800 मध्ये बसतो. तिसरा हप्ता भरलात, तर तोही बसणार नाही.