कोल्हापुरातून समुद्राच्या बाजूला, जंगल आणि तलाव असलेल्या सोप्या पायवाटा कोणत्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बदली होऊन कोल्हापूरला आलाय, घरात साठी उलटलेली आई आणि सात वर्षांची मुलगी आहे, गड चढायचा नाही, पण कोकणाच्या बाजूला जंगल आणि तलाव असेल तिथं दोन-तीन तास निवांत चालायचंय.

इथला माणूस शनिवारी पहाटे गाडी काढतो, घाट उतरतो आणि जेवायच्या वेळेला मालवणात सुरमईसमोर बसलेला असतो. रविवारी रात्री त्याच रस्त्यानं परत. तुम्हाला जे हवंय ते नेमकं या धावपळीत काचेबाहेर मागं पडतं. म्हणून मी म्हणतो, गाव निवडू नका, घाट निवडा.

आपल्या जिल्ह्याची ठेवणच तशी आहे. भोगावती, दूधगंगा, तुळशी, कुंभी, कासारी या सगळ्या नद्या सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावतात आणि समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला वाहतात. धरणं त्यांच्या उगमापासून फार लांब नाहीत. त्यामुळे तलाव, जंगल आणि कोकणात कोसळणारा कडा या तिन्ही गोष्टी एकमेकांपासून गाडीच्या अर्ध्या-पाऊण तासात सापडतात. कड्यावर बऱ्याच ठिकाणी जांभ्या दगडाचे सपाट सडे आहेत. मुलांना आणि वयस्कर माणसांना चालायला यापेक्षा सोपी जागा नाही. अवघड असतं ते खाली उतरणं. माथ्यावरून कोकणात जाणाऱ्या जुन्या पायवाटा आजही आहेत, गावातली माणसं ‘तासाभरात पोचताय’ असंही सांगतील. तो तास त्यांचा, आपला नव्हे, आणि उतारावर गुडघ्यांचे हाल होतात. माथ्यावर पायी फिरा आणि खाली गाडीनं जा.

पहिला घाट फोंड्याचा, म्हणजे राधानगरी-दाजीपूरची वाट. तीनही गोष्टी एकाच रस्त्यावर असलेला हा माझा सगळ्यात आवडता. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी १९०७ च्या सुमारास भोगावतीवर बांधायला घेतलं. जलाशयाचं नाव लक्ष्मी तलाव. पाणी ठरावीक पातळीला चढलं की आपोआप उघडणारे सात दरवाजे पावसाळ्यात दरवर्षी बातम्यांत असतात, ते इथलेच. धरण बघून लोक माघारी वळतात. तुम्ही तसं करू नका. पुढं दाजीपूरकडे जाणारा रस्ता बराच वेळ जलाशयाच्या काठाकाठानं जातो, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की आत बेनझीर व्हिला या शाहूकालीन बंगल्याचे अवशेष दिसतात. सकाळी लवकर निघालात तर या पट्ट्यात गाडी दोन-चारदा थांबवावी लागेल, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

दाजीपूरचं जंगल १९५८ साली गव्यांसाठी राखीव झालं. आज राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांमध्ये मोडतं. आत पायी मनमानी हिंडता येत नाही आणि येऊही नये. फाटकावर शुल्क भरायचं, स्थानिक वाटाड्या घ्यायचा, ठक्याच्या वाड्याच्या बाजूला गाडीनं जायचं आणि तो सांगेल त्या सड्यावर उतरून फिरायचं. वाटाड्याचे पैसे वाचवणारे लोक मला कळत नाहीत. तो नसेल तर तुम्हाला नुसती झाडं दिसतात. तो असला की शेकरूचं घरटं, गव्याचे खूर, अस्वलानं फोडलेलं वारूळ दिसतं. मार्च-एप्रिलमध्ये अंजनी फुलते तेव्हा खोडाला चिकटलेले निळे-जांभळे झुबके बघून तुमची मुलगी फोनच विसरून जाईल. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांना बंद असतं, तेव्हा त्या दिवसांत आधी चौकशी केल्याशिवाय जाऊ नका.

अभयारण्यात गाडीनं फिरायचं नसेल तर दाजीपूरपासून शिवगडाची वाट धरा. नाव गड असलं तरी घाटमाथ्याच्या बाजूनं चढ थोडकाच आहे. वाट बरीचशी गर्द झाडीतून जाते आणि टोकावर फोंडा घाटाची वळणं आणि पलीकडचं कोकण उघडं पडतं. त्याच परिसरात उगवाई देवीचं ठाणं आहे. अर्धा दिवस सवडीनं धरा. टोकाला कठडा नाही, तिथं मुलीचा हात सोडायचा नाही.

गव्याबद्दल एवढंच की कळप दिसला तर घाबरायचं कारण नाही, एकटा नर दिसला तर मात्र थांबायचं. टनभर वजनाचं जनावर आहे. फोटोसाठी पुढं सरकायचं नाही, ओरडायचं नाही, त्याला वाट मोकळी ठेवायची. तो आपल्या वाटेनं जातो.

तिथून फोंडा घाट उतरलं की नांदगाववरून देवगड. कुणकेश्वराचं देऊळ अगदी समुद्राला लागून आहे. देवगडच्या जवळची मिठमुंबरीची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, लांबलचक आणि बऱ्यापैकी शांत. आईंना चालायला ओली घट्ट वाळूच बरी, कोरडी नको.

दुसरा घाट गगनबावड्याचा. गाडी नसेल तर हाच घ्या, रंकाळा स्टँडवरून एसटी मिळते. इथं वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे दिवाळीपर्यंत सगळं हिरवं आणि ओलं असतं. गावाला पोचायच्या आधीच अणदूर आणि वेसरफ हे छोटे तलाव आहेत. दोन्हींच्या काठानं डोंगराच्या सावलीत फिरता येतं आणि गर्दी जवळपास नसते. पळसंब्याला ओढ्यात अखंड दगडात कोरलेली देवळं आहेत. मुलांना ती जागा फार आवडते, पण ओढ्याला पाणी जास्त असेल तर लांबूनच बघा. बोरबेटच्या वरचं मोरजाई पठार हा माझ्या मते या भागातला सगळ्यात चांगला सोपा फेरफटका. वरती सपाट सडा, मोरजाईचं दगडी देऊळ आणि चारी बाजूंनी डोंगर. पावसात तिथं इतकं धुकं असतं की वाट चुकायला वेळ लागत नाही. म्हणून पहिल्यांदा जाताना गावातलं कुणीतरी बरोबर घ्या. गगनगडावर गगनगिरी महाराजांचा मठ आहे. पायऱ्या बांधलेल्या आहेत, आई सावकाश चढतील.

खाली जायला करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट आहेत. पावसाळ्यात दरडीमुळे यातला एखादा बंद असतो, निघायच्या आधी विचारून घ्या. वैभववाडी, तळेरे करत पुढं विजयदुर्ग.

तिसरा आंबा घाट, रत्नागिरीच्या वाटेवरचा. आंबा गावातली आंबेश्वराची देवराई अगदी थोडक्यात होते, पण जुनं जंगल म्हणजे काय ते तिथं कळतं. जाड वेली, खाली कुजक्या पानांचा थर आणि दुपारीही सावली. जवळच मानोलीचं धरण आहे, काठानं चालायला मोकळी जागा. पावसाळ्यात जळवा मिळतील, भरपूर मिळतील. पुडीत मीठ ठेवा, ओढून काढू नका. पावनखिंड इथून जवळ आहे, रस्ता बराच पुढंपर्यंत जातो, त्यामुळे १६६० मध्ये बाजीप्रभू जिथं लढले ती जागा मुलीला दाखवता येईल. जुलैतली पन्हाळा ते पावनखिंड मोहीम मात्र तुमच्यासाठी नाही. दोन दिवस चिखल तुडवायचा असतो, हौशी पोरांचं काम आहे ते. पन्हाळ्याच्या बाजूलाच जायचं झालं तर मसाई पठारावर जा. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलं असतात आणि वर पोचलं की चढ संपतोच. फुलांवर बसून फोटो काढणाऱ्यांच्यात तेवढं जाऊ नका.

आता खुद्द कोकणातलं. किनारा, जंगल आणि तलाव एकत्र हवा असेल तर मालवण तालुक्यातलं धामापूर. १५३० साली दोन डोंगरांच्या मधे बांध घालून हा तलाव केला. सिंचनाचा जागतिक वारसा म्हणून २०२० मध्ये त्याची नोंद झाली. काठावर भगवती देवीचं देऊळ, भोवती डोंगरउतारावर दाट झाडी, बांधाच्या खाली पोफळीच्या बागा. देवळात दर्शन घेऊन बांधावरून आणि झाडीतल्या वाटेनं हळूहळू फिरायचं, एवढाच कार्यक्रम. मालवणला धावणारे कोल्हापूरकर जवळून जातात आणि बहुतेक जण थांबत नाहीत, ते एका अर्थी बरंच आहे. पाण्यात उतरायचा मोह मात्र टाळा, काठ लगेच खोल होतो असं समजून चाला. सावंतवाडीत मुक्काम असेल तर सकाळी मोती तलावाला एक फेरी आणि मागं नरेंद्र डोंगर.

आंबोलीचं नाव तुम्हाला सगळे सुचवतील. जागा सुंदर आहेच. हिरण्यकेशीच्या उगमाजवळ सापडलेल्या एका छोट्या माशामुळे ती जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. पण पावसाळ्यातल्या रविवारी तिथं चालायला नव्हे, वाहतुकीत अडकायला जातात. जायचंच तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, आणि धबधबा सोडून उगमाकडे.

माझं ऐकाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहिली फेरी राधानगरी-फोंडा-देवगड करा, मुक्काम एक दाजीपूरच्या बाजूला आणि एक समुद्राजवळ. राधानगरीतच पेट्रोल भरून घ्या, पुढं जंगलात मोबाइलला रेंजही धड नसते. आणि पुळणीवर चालायचं तर निघण्याआधी तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास आपल्या किनाऱ्याला दुपारच्या आसपास मोठी भरती असते, म्हणजे मोकळी वाळू पहाटे आणि संध्याकाळी मिळते. अष्टमीच्या आसपास हेच उलट होतं.