सीएनसी घेण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तू माहिती पाठवलेली तिन्ही सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारी, पाहिली. सगळ्यांत स्वस्त आहे ते घेऊ नकोस, आणि सगळ्यांत मोठं तर मुळीच नको. तुझ्या ऐरोलीच्या रो-हाऊसच्या पुढच्या खोलीत ते ठेवलंस तर रंधा मारायला जागा उरणार नाही. मधलं घे. पण लगेच नको, दिवाळीनंतर घे. तोवर सपाट फळ्या तयार करायला शिक.

हे ऐकून तू वैतागणार, मला माहीत आहे. मशीन घ्यायचंच मुळी हातकाम कमी व्हावं म्हणून, असं तुझं म्हणणं. पण तुला त्यावर नावाच्या पाट्या कोरायच्या आहेत, आणि पाटीच्या कामात मशीन तुझ्या रंध्याची परीक्षा पटाशीपेक्षा कडक घेतं. गेल्या वेळी तू आणलेल्या सागाच्या फळीवर आपण दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या ठेवून डोळा लावला होता. पीळ होता, एक कोपरा जवळजवळ १ मिमी उचललेला. पटाशीने कोरताना तुला तो जाणवला नव्हता, कारण हात फळीच्या चढउतारामागे आपोआप जातो. मशीनला फळी दिसतच नाही. तू त्याला एका जागी शून्य दाखवतेस, आणि उरलेली फळी त्याच पातळीत आहे असं धरून ते चालत राहतं. ९० अंशांच्या व्ही-बिटने, म्हणजे व्ही आकाराच्या टोकदार पात्याने, कापताना फळी अर्धा मिमी उंच आली की खाच १ मिमीने रुंद होते. म्हणजे पाटीच्या डाव्या टोकाला शिरोरेघ ६ मिमीची आणि उजव्या टोकाला ७ मिमीची. असं अक्षर लांबूनही खुपतं. ६० अंशांच्या बिटने फरक थोडा कमी, पण दिसतोच.

यावर कुणीतरी तुला सांगेल की मशीननेच वरून एक थर काढून घे, फळी सपाट होते. होते, पण फळी खालून डुगडुगत नसेल तरच. पिळलेली फळी क्लॅम्पने दाबलीस की ती तेवढ्यापुरती सरळ होते, वरून छान तासली जाते, आणि क्लॅम्प सोडला की पुन्हा मूळ पिळावर जाते. म्हणून एक बाजू हाताने सपाट करायचीच. पावसाळ्यात आणलेलं लाकूड खोलीत पट्ट्यांवर रचून ठेव, हवा सगळीकडून लागू दे. आपल्याकडे खाडीच्या हवेत जुलैत कोरलेली पाटी डिसेंबरात आकसते, वाकते. दिवाळीचं म्हणतोय ते याचसाठी.

आता मशीनबद्दल. तू पहिलं पाठवलंस ते ३०१८. नावातच माप आहे, ३० बाय १८ सेंटिमीटर. शिकायला उत्तम, पाटीला अपुरं. फ्लॅटच्या दारावरची साधी पाटीसुद्धा फूट-सव्वा फूट लांब असते. त्यात टेबल पुढेमागे सरकतं, त्यामुळे लांब फळी बाहेर काढून दोन टप्प्यांत कोरता येते असं सांगतात. खरं आहे, पण दुसऱ्या टप्प्याचं शून्य केसभर चुकलं तर सांधा शिरोरेघेतच दिसतो. ४० बाय ४० सेंटिमीटरच्या आसपासचं घे, ज्यात अ‍ॅल्युमिनियमची चौकट जाड आहे आणि अक्षाचं टोक ओळखणारे लिमिट स्विच बसवलेले आहेत. घेताना मोटर किती वॉटची हे सगळे विचारतात. तू विचार की स्पिंडलच्या, म्हणजे बिट फिरवणाऱ्या दांड्याच्या, नाकाला बोटाने ढकललं तर डायलचा, म्हणजे केसभर हालचाल मोजणाऱ्या मापकाचा, काटा किती हलतो. विकणाऱ्याला उत्तर देता आलं नाही तर व्हिडिओ मागव.

वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये आमची मशीन चुकली तर स्वतःला सावरायची, कारण सर्व्हो मोटरला मागे एन्कोडर असतो, अक्ष खरोखर कुठे आहे ते त्याला कळतं. हौशी मशीनमध्ये बहुतेक वेळा स्टेपर मोटर असते. तिला 'इतकी पावलं चाल' एवढंच सांगितलेलं असतं. गाठीत बिट अडलं आणि चार पावलं हुकली, तरी तिला पत्ता नसतो. उरलेलं सगळं नाव ती तेवढंच सरकवून कोरते. म्हणून घाई करायची नाही, आणि गाठ असलेली फळी पाटीला घ्यायची नाही.

पहिल्या दिवशी माप तपासून घे. १०० मिमी सरक म्हणून आज्ञा दे आणि व्हर्नियरने मोज. ९९.२ भरलं तर जीआरबीएल या कंट्रोलरच्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमधला मिलिमीटरमागे पावलांचा आकडा त्याच प्रमाणात वाढव. आकडा ८०० असेल तर ८०६.४५ कर. एक्स आणि वाय दोन्हीकडे वेगवेगळं मोज. जीआरबीएल २००९ पासून मुक्त आहे, कुणीही फुकट वापरावा असा, तेव्हा ज्या मशीनमध्ये तो आहे तेच घे. स्वतःचंच काहीतरी बंद सॉफ्टवेअर देणाऱ्यांच्या नादी लागू नकोस.

माझ्या मते तुझा सगळ्यांत जास्त वेळ जाणार आहे तो देवनागरीवर, आणि ते कुणी सांगत नाही. कोरण्याची बरीच सॉफ्टवेअर इंग्रजी अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून बनली आहेत. त्यात थेट 'विनायक' टाइप केलंस तर पहिली वेलांटी 'व'च्या पुढे जाऊन बसण्याची शक्यता असते. 'कुलकर्णी'मधला रफार सुटा होऊन खाली उतरतो. त्यामुळे नाव तिथे टाइप करूच नकोस. इंकस्केप हे रेखाटनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात जोडाक्षरं नीट बसतात. तिथे युनिकोड फॉन्टमध्ये लिही. मुक्ता, बलू हे 'एक टाइप' या संस्थेचे फॉन्ट मोफत आहेत आणि पाटीला शोभतात. मग अक्षरांचं पाथमध्ये, म्हणजे बाह्यरेषांमध्ये, रूपांतर कर.

इथेच थांबलीस तर फसशील. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षराच्या रेघेवर थोडी चढलेली असते. पडद्यावर ती एकसंध दिसते, पण पाथ म्हणून ते एकमेकांवर आलेले वेगवेगळे तुकडे असतात. मशीनला जिथे दोन पाथ एकमेकांवर येतात ती जागा 'आतली' की 'बाहेरची' हे कळत नाही, आणि सांध्यासांध्यावर शिरोरेघेत न कापलेली बारीक बेटं उरतात. म्हणून सगळे पाथ निवडून युनियन करायचं, म्हणजे ते जोडून एकच पाथ होतो. मग आउटलाइन दृश्यात जाऊन 'श्रमसाफल्य'च्या शिरोरेघेवरून माउस फिरव. मध्ये एकही आडवी-उभी रेघ दिसता कामा नये. डीटीपीवाल्याकडून फाइल आली आणि ती जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असेल, तर त्याच्याकडूनच कर्व्ह, म्हणजे अक्षरांच्या बाह्यरेषा, करून घे, आणि युनियन तरीही स्वतः तपास.

फळीचे रेषे आडवे घे, म्हणजे शिरोरेघ रेष्यांबरोबर जाते आणि काच कापल्यासारखी स्वच्छ निघते. काना मात्र रेष्यांना आडवा कापला जातो, त्याच्या कडांना केस येतात. तिथे धार बोथट असेल तर लगेच कळतं. सागात सिलिका असते, ती धार खाते, त्यामुळे कार्बाइडचंच बिट हवं. 'मौ', 'पै' अशा अक्षरांत दोन मात्रांच्या मध्ये लाकडाची जी बारीक पाचर उरते तिचे रेषे इतके आखूड असतात की पॉलिश पेपर लागला तरी ती उडते. अशा नावाला मात्रांमधली जागा फाइलमध्येच थोडी वाढवून घे. फॉन्टला हात लावायला लाजू नकोस, जुन्या पाट्या रंगवणारे हेच करायचे.

खाचेच्या खोलीचा हिशेब आधी कर. व्ही-बिटने खाच किती खोल जाईल ते रेघेच्या रुंदीवर ठरतं. १० मिमी जाड रेघ ९० अंशांच्या बिटने ५ मिमी खोल जाते, ६० अंशांच्या बिटने साडेआठच्या वर. १२ मिमीच्या फळीत ६० अंशांचं बिट घालून जाड ठसठशीत फॉन्ट कोरलास तर खाली उरलेली पातळ पट्टी पहिल्या उन्हात चिरते.

बिटं आणि बिट घट्ट धरणारा कोलेट मुंबईत नागदेवी स्ट्रीटला प्रत्यक्ष जाऊन घे, लिमिट स्विच आणि शील्डवाली केबल लॅमिंग्टन रोडला. लहान बिटांची शँक, म्हणजे धरायची दांडी, बहुतेक एक सुताची असते, म्हणजे ३.१७५ मिमी. त्याला ३ मिमीचा कोलेट चालत नाही, ३.१७५ चाच मागून घे. कोलेट आधी नटमध्ये कट् आवाज येईपर्यंत बसवायचा, मग नट स्पिंडलवर चढवायचा. उलट केलंस तर बिट डगमगतं आणि तू बिचाऱ्या मोटरला दोष देत बसशील.

वेगाचं गणित सोपं आहे. स्पिंडल मिनिटाला १०,००० फेरे, बिटाला २ धारा आणि सरकण्याचा वेग मिनिटाला १००० मिमी असेल तर प्रत्येक धार ०.०५ मिमीचा कपचा काढते. वेग भीतीपोटी २०० वर आणलास तर धार कापायची थांबते आणि घासते. जळका वास येतो, कडा काळ्या पडतात. बिटाखालून भुसा पडला पाहिजे, पीठ नाही. वेग टिकवायचा असेल तर कापाची खोली कमी कर. सागात छोट्या मशीनवर एका फेरीत अर्धा ते १ मिमी पुरे.

देव्हाऱ्याच्या नक्षीचं म्हणशील तर मला तेवढा उत्साह नाही. २० बाय २० सेंटिमीटरची उठावाची नक्षी, ०.३ मिमीच्या अंतराने एकेक ओळ, म्हणजे बिटाला सुमारे १३३ मीटर चालायचं. मिनिटाला १ मीटरने सव्वादोन तास, आणि वळणांवर मशीन हळू होतं म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. तेवढा वेळ तू शेजारी बसणार असशील तरच कर. चालू मशीन सोडून बाजारात जायचं नाही. सरकणं अडलं आणि स्पिंडल एकाच जागी फिरत राहिलं, तर लाकूड धुमसायला वेळ लागत नाही. शिवाय नेटवरून उतरवलेला तोच तो गणपती निम्म्या ठाण्यात विकायला आहे. तुझ्याकडून कोण कशाला घेईल?

रो-हाऊसची मधली भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे हे विसरू नकोस. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. नियम राहू दे, पण शेजारच्या आजींना दुपारी झोपायचं असतं. मशीनखाली जाड रबर घाल, आणि व्हॅक्यूम क्लीनरचा आवाज स्पिंडलपेक्षा मोठा असतो हे धरून वेळ ठरव. व्हॅक्यूम हवाच. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ च्या अहवालात कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. एमडीएफची, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीची, धूळ तर आणखी बारीक. साधा कापडी रुमाल नको, एन-९५ वापर.

पावसाळ्यात वीज जाणार, हे गृहीत धर. लिमिट स्विच असतील तर वीज आल्यावर मशीनला होमिंग करायला, म्हणजे स्विचपर्यंत जाऊन आपली मूळ जागा शोधायला, सांगता येतं. जी-५४ चं शून्य, म्हणजे फळीवर तू ठरवलेली सुरुवातीची जागा, कंट्रोलरच्या स्मृतीत राहिलेलं असतं, त्यामुळे अर्धी पाटी वाचते. स्विच नसतील तर ती फळी गेली. लॅपटॉप चार्जरवर ठेव, झोपी जाण्याची आणि अपडेटची सेटिंग बंद कर. तो मध्येच झोपला तर वीज जाण्यापेक्षा वेगळं काही होत नाही.

पैशांचं एकच सांगतो. मशीनच्या किमतीच्या जवळपास तेवढीच रक्कम बिटं, कोलेट, क्लॅम्प, व्हॅक्यूम, चांगला एमसीबी आणि टेबलावर टाकायचा एमडीएफ यांना बाजूला ठेव. नाहीतर मशीन येईल आणि महिनाभर पिशवीतल्या फुकट बिटांवर चालेल, जी सागाला पुरत नाहीत. रंग भरायच्या आधी फळीला सीलर मार, नाहीतर रंग रेष्यांतून पसरतो. खाचांत रंग भरून वाळला की वरचा पृष्ठभाग १८० च्या पेपरने घासून काढ, रंग फक्त अक्षरांत राहतो.

पेटी आली की एकटीने जोडायला बसू नकोस, फोन कर. दोन उभे खांब गुण्यात, म्हणजे काटकोनात, बसवताना एकाने धरायचं आणि दुसऱ्याने स्क्रू आवळायचे असतात, शिवाय डायल माझ्याकडेच आहे. ठाण्याहून ऐरोली कितीशी लांब, सकाळच्या गाडीने येईन. जेवायला थांबेन, आईला सांगून ठेव.

तुझा,
काका