जुन्या दगडी घराला खोली जोडताना

अनेक आशीर्वाद.

कंत्राटदार न नेमता वाढीव खोलीचं काम स्वतः उभं राहून करून घ्यायचं ठरवलंस, हे वाचून आनंद झाला. पण तुझ्या पत्रातले सगळे प्रश्न नव्या खोलीचे आहेत. खिडकी केवढी ठेवू, छप्पर सपाट की उतरतं, फरशी कोणती. जुन्या घराबद्दल एकही प्रश्न नाही. नवी खोली कोणताही चांगला गवंडी बांधून देईल. ती जुन्या भिंतीला जिथे टेकते, तो हातभर पट्टा सांभाळणं हे खरं अवघड काम आहे, आणि ते तुलाच करावं लागेल, कारण गवंडी, सुतार, प्लंबर, वायरमन सगळे आपापल्या कामापुरते येतात आणि जातात. म्हणून हे पत्र बहुतेक जुन्या घराबद्दलच आहे.

जुनी दगडी भिंत सहसा दीड-दोन फूट जाड असते, पण ती सलग दगड नसते. बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मध्ये बारीक दगड, चुना किंवा मातीची भर. दोन्ही थरांना धरून ठेवायला अधूनमधून आरपार लांब दगड घातलेले असतात. खाली ओल अडवणारा थर बहुधा नसतोच. अशी भिंत थोडं पाणी पिते आणि चुन्याच्या सांध्यांतून वाऱ्या-उन्हाने ते परत बाहेर टाकते. या देवाणघेवाणीवरच ती इतकी वर्षं टिकली आहे. सांध्यांत सिमेंट भरलं की वाट बंद होते. पाणी मग दगडातून बाहेर पडू बघतं, लोणा (क्षारांची पांढरी पूड) लागतो, दगडाच्या तोंडाचे पोपडे निघतात. गवंडी तुला सांगेल की सिमेंट मजबूत. नव्या भिंतीत खुशाल वापरू दे, पण जुन्या भिंतीच्या दर्जा (दगडांमधले सांधे) भरणं, डागडुजी आणि गिलावा हे सगळं चुन्यातच झालं पाहिजे. इथे अजिबात ढिलाई करू नकोस. मिश्रण दगडापेक्षा मऊ असावं, म्हणजे झिजायचं ते सांध्याने झिजावं.

हे काम एकदा जवळ बसून बघ. जुना सांधा छिन्नी-हातोडीनेच खरवडायचा, ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा जातात. सांध्याच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल जायचं, धूळ झाडायची, पाणी मारून दगड ओला करायचा आणि मग चुना दाबून भरायचा. लगेच गुळगुळीत करायचा नाही. अंगठा दाबून ठसा उमटेनासा झाला की ताठ केसांच्या ब्रशने ठोकायचा, मग ओल्या गोणपाटाने झाकून ठेवायचा. कडक उन्हात तो वाळून भुगा होतो, आणि तापमान 5 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं तर नीट धरत नाही. म्हणजे हवामान बघून हे काम कधी करायचं ते तुला आधीच ठरवून ठेवावं लागेल. चुना हाताळताना हातमोजे आणि चष्मा, दगड कापताना चांगला मास्क. याबाबतीत कुणाचंही ऐकून घेऊ नकोस.

आता पाया. नकाशा पक्का करण्याआधी जुन्या भिंतीलगत एक छोटा खड्डा घे, पाया कुठवर आहे ते उघडं दिसेपर्यंत. जुनी घरं कित्येकदा अगदी उथळ पायावर, नुसत्या मोठ्या दगडांच्या थरावर उभी असतात. तळ दिसला की तिथे थांब आणि माप घे. नव्या पायाचा चर त्या तळापेक्षा खाली न्यायचा असेल, तर भिंतीच्या सगळ्या लांबीत एकदम कधीही खोदू देऊ नकोस. भिंतीचा भार तळापासून तिरका पसरत जातो आणि त्याला बाजूच्या मातीचा आधार लागतो. ती माती काढली की भिंत खचते. अशा वेळी मीटरभर लांबीचे तुकडे, एक सोडून एक, खोदून भरत जायचं असतं, आणि तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरने आखून दिल्यावरच. इंजिनिअरच्या फीमध्ये काटकसर करू नकोस, इतर ठिकाणी कितीही कर. त्याच सुमारास जुनी सांडपाण्याची वाहिनी कुठून जाते तेही शोध. रंगीत पाणी ओतून ते कुठे निघतं ते बघितलं की बरंच कळतं. जुन्या घरात लाकडी जमीन असेल, तर तिच्याखाली हवा खेळवणाऱ्या जाळ्या बाहेरच्या भिंतीत असतात. नव्या खोलीने त्या बुजल्या की लाकूड कुजायला लागतं, म्हणून नव्या जमिनीखालून पाईप टाकून ती हवा बाहेरपर्यंत ने.

जुनं घर बसायचं तेवढं बसून झालेलं आहे. नवं मात्र अजून बसणार आहे, थोडं का होईना. नवी भिंत जुन्या दगडांत दाते काढून गच्च गुंतवली, तर नवीन बसताना जुन्याला ओढते आणि तडा नेमका सांध्यावर किंवा जुन्या खिडकीच्या कोपऱ्यात जातो. म्हणून दोन्हींमध्ये उभा सांधा मोकळा ठेवायचा, त्यात लवचिक भर, आणि जोडायला गंज न चढणाऱ्या, वर-खाली सरकू देणाऱ्या पट्ट्या. याच सांध्यात ओल अडवणारी उभी पट्टीही हवी, नाहीतर जुन्या भिंतीतलं पाणी नव्या गिलाव्यात उतरतं. वर छप्पर टेकतं तिथे धातूची पट्टी दगडाच्या सांध्यात खोल घुसवून चुन्याने बंद करून घे. नुसतं सिलिकॉन फासून गेलेला माणूस दिसला तर त्याला परत बोलाव. बाहेरच्या जमिनीची पातळी आतल्या जमिनीपेक्षा निदान 150 मिलिमीटर खाली ठेव आणि उतार घरापासून लांब जाणारा हवा.

काम सुरू होण्यापूर्वी जुन्या घरातली प्रत्येक भेग बघून घे. दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण, शेजारी तारीख, जवळ पट्टी धरून फोटो. काम चालू असताना दर आठवड्याला परत बघ. खुणेपुढे भेग सरकली तर काम थांबवून इंजिनिअरला बोलाव. शेजाऱ्याची भिंत लागून असेल तर तिचेही फोटो त्यांच्यासमक्ष काढ. नंतर कटुता येत नाही.

जुन्या भिंतीत दार फोडायचं काम सगळ्यात शेवटी ठेव. तुझा उत्साह उलटं सांगेल, कारण दार फुटलं की खोली 'घराची' वाटायला लागते. पण नवी खोली आधी छपरासकट, खिडक्यांसकट पाऊस-वाऱ्यापासून बंद होऊ दे. तोवर जुनं घर राहतं राहील, धूळ आत येणार नाही, आणि काम रखडलं तरी तुझ्या घराला भगदाड पडलेलं नसेल. फोडताना वरच्या भिंतीतून आडव्या तुळया आरपार घालून दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे, मग खालचे दगड काढायचे, लिंटेल (दारावरची आडवी तुळई) बसवायचं. त्याच्या वरची फट घट्ट ठासून भरायची आणि ती पुरती कडक झाल्यावरच टेकू काढायचे. मधली भर सुटी असते, ती वाळूसारखी ओघळायला लागू शकते. त्या दिवशी तू तिथे हजर पाहिजेस, घरातले बाकीचे बाहेर. निघालेले दगड फेकू नकोस, दाराच्या बाजू बांधायला त्याहून चांगला माल मिळणार नाही.

परवानगी हातात येईपर्यंत कुदळ लावायची नाही, आणि घर संरक्षित वारशाच्या यादीत आहे का ते आधी विचारून घे. याहून जास्त त्यावर लिहीत नाही.

पैशांचं म्हणशील तर अंदाजपत्रकाच्या वर 15 ते 20 टक्के वेगळे काढ आणि ते फरशीवर खर्च करू नकोस. जुनी भिंत उघडली की काहीतरी अनपेक्षित काम निघतंच. पैसे झालेल्या कामाचे दे, टप्प्याटप्प्याने. आगाऊ रक्कम मागितली तर मालाची पावती बघून थेट दुकानदाराला दे. माणसाचा अपमान न करता हे करता येतं, आधी बोलून ठेवलं की झालं.

रोज संध्याकाळी वहीत चार ओळी लिही. कोण आलं, काय झालं, उद्या कुणाला काय लागेल. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. काम अडतं ते बहुतेक वेळा तुझ्या उत्तरासाठी. सॉकेट कुठे, दार कुठल्या बाजूला उघडणार, पाईप भिंतीतून कुठे न्यायचा. हे गवंडी विचारेल त्याच्या आधीच ठरलेलं असलं पाहिजे. खिडक्यांना वेळ लागतो, त्यांची मापं पाया भरतानाच पक्की कर. वायरी आणि पाईप झाकले जाण्यापूर्वी पट्टी धरून फोटो काढायला विसरू नकोस.

खड्डा या आठवड्यात घेशील तर तळाचा फोटो आणि पायाची खोली पाठव. सोबत त्या भिंतीचा आतून-बाहेरून एकेक फोटोही. दार कुठे फोडायचं ते अजून कुणाला सांगू नकोस, आधी आरपार दगड कुठे आहेत ते बघू.

कळावे.