लग्नाची जुनी व्हीएचएस कॅसेट फाइल करून घेतली. ती रुंद टीव्हीवर पडदाभर ताणू का?

नका ताणू, कॅसेटचं ४:३ चं (रुंदी ४, उंची ३) चित्र मूळ मापातच ठेवा, दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. रुंद टीव्हीच्या १६:९ पडदाभर ताणलं की रुंदी ३३ टक्क्यांनी वाढते, उंची तेवढीच राहते. वरात नागपुरात सीताबर्डीवरून गेली असेल, तर झिरो माइलचा खांब जाडजूड, तिथले घोड्यांचे पुतळे लांबुडके आणि नवरदेव एकदम खात्यापित्या घरचा दिसेल. टीव्हीच्या 'झूम'मध्ये प्रमाण बरोबर राहतं, पण उंचीचा पाव भाग कापला जातो. नेमका फेटा नाहीतर पाय जातात. फुल एचडी टीव्हीवर योग्य चित्र १४४० बाय १०८० पिक्सेलचं असतं, दोन्हीकडे २४०-२४० पिक्सेलची पट्टी.

रिमोटवरच्या 'पिक्चर साइझ'मध्ये ४:३ निवडा. कॉम्प्युटरवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये 'ए' बटण दाबत ४:३ वर या. दुकानदाराने फाइलच ताणून बनवली असेल, तरी याने चित्र सरळ होतं. मात्र काळ्या पट्ट्या फाइलमध्येच असतील तर ४:३ निवडू नका, माणसं काडीसारखी बारीक दिसतील. तिथे १६:९ च ठेवा.