भंगार पाइपातून पेन: सुरुवात करताना

आधी पाइप ओळखा. ठिबकची काळी नळी पॉलिथिनची असते. तिला पीव्हीसी जोडायचं सोल्युशन धरतच नाही. तुकडा पाण्यात टाका. पीव्हीसी बुडतो, पॉलिथिन तरंगतं.

पाण्याच्या मोटारीच्या जुन्या 90 मिमी पीव्हीसी पाइपाच्या 20 मिमी रुंद पट्ट्या कापा. जाडी 3 मिमी असेल तर सहा पट्ट्यांचा 18 मिमीचा ठोकळा होतो. मध्ये पांढऱ्या पाइपाची एक पट्टी घाला, करड्यात रेघ फार देखणी उठते. आपल्याकडच्या उन्हात बांधावर पडलेल्या पाइपाला खडूसारखा थर येतो. तो पूर्ण घासा, नाहीतर जोड तिथूनच सुटतो.

पट्ट्या उकळत्या पाण्यात मऊ करून दोन फळ्यांत दाबून सपाट करा. जाळावर कधीच धरू नका. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो छातीत जातो.

सोल्युशन पातळ लावा, शिकंजात आवळा आणि किमान आठवडाभर थांबा. नवशिक्यांचे बहुतेक ठोकळे इथेच बिघडतात. वरून कडक वाटतो, आत द्रावक अडकलेला असतो, आणि भोक पाडताना थर सरकतात.

पेनच्या किटमधली (पेनच्या सुट्या भागांच्या संचातली) पितळी नळी बहुधा 7 मिमीची असते, तरी मोजूनच ड्रिलचा बिट घ्या. ड्रिल हळू चालवा, दर 5 मिमीला बिट बाहेर काढून कीस झटका. कीस वितळून बिटाला चिकटला की भोक तिरकं जातं. नळी भोकात इपॉक्सी गोंदानं बसवा. ठोकळा पेनासारखा गोल झाला की शेवटी पाणी लावून 400 पासून 2000 नंबरपर्यंत पॉलिश पेपर मारा. पाण्यामुळे धूळही उडत नाही. कोरडं घासताना मास्क हवाच.

पाइपाच्या उरलेल्या तुकड्यांच्या चावीच्या कड्या होतात.