इंग्रजीतल्या गेट (get) शब्दाचे अर्थ पाठ करत बसू नकोस

अरे, गेटचे अर्थ पाठ करायला घेतलेस तर वैतागशील, त्यापेक्षा पुढे काय येतंय ते बघ. पुढे वस्तू असेल तर बहुतेक मिळणं किंवा आणणं, गेट अ लेटर, गेट सम वॉटर. पुढे विशेषण आलं की होणं, म्हणजे गेट अँग्री, गेट टायर्ड, इथे बिकम चालतं पण बोलताना जरा पुस्तकी वाटतं. गेट टू द स्टेशन म्हणजे पोचणं. आय गेट इट म्हणजे कळलं. आणि समानार्थी शब्द डोळे झाकून बदलू नकोस हं, ऑब्टेन म्हणजेही मिळवणंच, ऑब्टेन परमिशन अर्जात शोभतं पण सर्दी झाली तर आय गॉट अ कोल्डच, तिथे ऑब्टेन घातलंस तर लोक हसतील. गेट अप, गेट ओव्हर वगैरे नंतर बघ.