वजन जास्त आहे म्हणून आता उपाशी राहू नकोस

अगं, दिवस गेल्याची बातमी कळली, आधी अभिनंदन! आणि वजन जास्त आहे म्हणून डाएटिंगचा विचार करत असशील तर तो आता डोक्यातून काढ, प्रेग्नन्सीत वजन उतरवायचं नसतं, फक्त वाढ आटोक्यात ठेवायची. प्रेग्नन्सीआधीचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३० च्या वर असेल तर पूर्ण नऊ महिन्यांत साधारण ५ ते ९ किलो वाढलं तरी पुरे, त्यामुळे सासूबाई 'दोघांचं जेव' म्हणाल्या तरी हसून मान डोलव आणि तुझ्यापुरतंच वाढून घे.

आपल्याकडे गोव्यात खरी गडबड शितामुळे, म्हणजे भातामुळे होते. ताटभर शीत, त्यावर हुमण (माशाची आमटी) आणि बाजूला रवा लावून तळलेला बांगडा, असं नको. उकड्या तांदळाचं शीत एक वाटी घे, बांगडा किंवा तारले (छोटी मासळी) हुमणात नाहीतर तव्यावर थेंबभर तेलात, आणि उरलेलं ताट तांबड्या भाजीने (लाल माठाने), मुगाच्या गाठींनी (मोड आलेल्या मुगाच्या भाजीने) भर. मासळी सोडू नकोस, फक्त मोरी (शार्क) नको, तिच्यात पारा जास्त असतो. संध्याकाळी चहासोबत पाव खायची सवय असेल तर त्याजागी चणे खा, साखर एकदम चढत नाही.

फॉलिक अ‍ॅसिडचं डॉक्टरला मुद्दाम विचार, वजन जास्त असलं की बऱ्याचदा ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. आणि साखरेची टेस्ट पहिल्याच भेटीत करून घे, नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत परत करायची, ती चुकवू नकोसच!

डॉक्टरने मनाई केली नसेल तर रोज अर्धा तास चाल, मिरामारच्या किनाऱ्यावर ऊन उतरल्यावर छान वाटतं. डोकं खूप दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा चेहरा सुजला तर वाट न बघता बीपी तपासायला जा.